तात्यांच्या फटफटीचा आवाज

भातकापणी सुरू झाली की मला मोटारसायकलचा आवाज सोसत नाही. घरचे म्हणतात, वयाचं आहे. असेलही. पण वर्षातले उरलेले दहा महिने आमच्या दारावरून, लोणावळ्याच्या जुन्या हमरस्त्यानं, कसल्या कसल्या गाड्या जातात. सायलेन्सर फाटलेल्या, नवा बसवलेल्या, मुद्दाम काढून टाकलेल्या. त्यांचं मला काही वाटत नाही. उलट पलंगावर पडल्या पडल्या मी सांगू शकतो की ह्याची चेन ढिली आहे आणि त्याचा टॅपेट वाजतोय. जन्मभर दुसरं केलं काय? पण दसरा सरून भातं पिवळी पडली, सकाळी अंगावर काही घ्यावंसं आणि दुपारी अंगावरचं काढावंसं वाटू लागलं, की कुठंतरी लांब एखादी फटफटी वाजते आणि मी हातातला चहा तसाच धरून ऐकत राहतो. चहा निवतो, सूनबाई दुसरा आणून देते. चांगली आहे बिचारी.

परवाच्या रविवारी जुन्या मोटारसायकलींचा एक तांडा रस्त्याकडेला उतरला. हल्ली ह्या हौशी मंडळींचे संघ असतात. त्यातला एक तरुण पत्ता विचारत आमच्या अंगणात आला. त्याची गाडी महायुद्धातली, लष्करी. खाकी रंग ताजा होता, टाकीवर पांढऱ्या आकड्यांत नंबर, कातडी पिशव्यासुद्धा नव्यानं शिवून जुन्या दिसतील अशा केलेल्या. सगळं अगदी जसंच्या तसं. म्हणाला, "आजोबा, सगळं झालं, फक्त मूळचा आवाज येत नाही. तुम्ही आणून द्याल असं कळलं." मी टाकीवर हात ठेवला. उन्हानं तापली होती. त्याच्या वयाचा असताना असलीच एक गाडी माझ्या हाती आली होती आणि मी तिचं जुनेपण तासून, घासून, भट्टीत घालून घालवलं होतं. हात थरथरतात म्हणून सांगितलं आणि त्याला वाटेला लावलं. खोटं नव्हतं ते, पण कारणही ते नव्हतं.

तात्या हे नवलाख उंबरे ह्या गावचे. आता त्या बाजूला कारखाने झालेत, पाळी सुटली की बसगाड्यांची रांग लागते. तेव्हा गाव संपलं की भातखाचरं, खाचरं संपली की माळ, माळ संपला की डोंगर. तात्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते. किरकोळ अंगाचे, पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि सदऱ्याला कायम टिंक्चरचा वास. महायुद्ध संपून अठरा-वीस वर्षं झाली असतील. लष्करी लिलावातून उतरलेली साडेतीनशे सीसीची एक फटफटी दोन-तीन हातांतून त्यांच्याकडे आली होती. दर गुरुवारी ती काढायची, मागच्या लोखंडी पेटीत मिक्स्चरच्या बाटल्या, मलम, पट्ट्या आणि सुयांचा डबा भरायचा आणि डोंगरातल्या वाड्यांची फेरी करायची, हा त्यांचा नेम. असा नेम त्यांना कुणी घालून दिला होता की त्यांनीच घालून घेतला होता, ते मी कधी विचारलं नाही. पुष्कळच गोष्टी विचारल्या नाहीत.

मी त्या वेळी बावीस-तेवीस वर्षांचा, लोणावळ्यात हमरस्त्यावरच्या एका गॅरेजात मिस्तरी. हात चांगला होता, हे सगळे म्हणायचे आणि माझंही तेच मत होतं. शनिवार-रविवारी मुंबईची श्रीमंत पोरं घाट चढून यायची. त्यांच्या मोटारसायकली बघून मी खुळा व्हायचो. खाली ओढलेलं हँडल, आखूड मडगार्ड, चकाकणारी नळी आणि तो आवाज. काळजात घण बसल्यासारखा. एकाच्या गाडीखाली झोपून मी तिचा सायलेन्सर बघून घेतला होता. आत काही नव्हतंच. नुसती नळी. स्वतःची गाडी घ्यायची माझी ऐपत नव्हती, तेव्हा जे काही डोक्यात होतं ते कुणाच्या तरी गाडीवर काढायचं ठरलेलंच होतं.

तात्यांची फटफटी चढाला दम टाकायला लागली होती. भाद्रपदात ते तिला घेऊन गॅरेजात आले. "वसंता, हिला पळवायची नाही मला. खिंड चढेपर्यंत दम टिकला म्हणजे झालं." मी म्हटलं, चालवून, ऐकून बघू. आणि पुढच्या गुरुवारी मी त्यांच्यामागं बसून वाड्यांच्या फेरीला गेलो.

तो दिवस मला बारीकसारीक आठवतो. भातं निसवत होती. आंबेमोहोराचा वास अख्ख्या खोऱ्यात भरून राहिला होता. आता सगळीकडे इंद्रायणी करतात, तिलाही वास आहे, पण तो शिजल्यावर जास्त. उंबऱ्यापुढं बैलगाडीची वाट, दगडगोट्यांची. फटफटी डुग डुग डुग करत चालायची आणि दर पाच-सहा ठोक्यांनी एक खोकला काढायची. तिचा सायलेन्सर कधीतरी गंजून फुटला होता. गावच्या लोहारानं त्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा गुंडाळून तारेनं आवळला होता, आणि आतला एक पडदा सुटून खुळखुळत होता. खिंडीत पोचल्यावर तात्यांनी गाडी उभी केली, पण बंद केली नाही. बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. ती तिथं पाच मिनिटं एकटीच डुगडुगत राहिली. आम्ही पाणी प्यालो. समोरच्या डोंगराच्या पदरात, कारवीच्या झुडपांच्या वर, दहा-बारा झोपड्यांची वरची वाडी दिसत होती. तिथून खाली यायला पाऊलवाटेनं अर्धा तास लागायचा, आणि आम्हाला वळणावळणानं, मधल्या दोन वाड्या उरकत, पायथ्याच्या जांभळीखाली पोचायलाही तेवढाच.

आम्ही पोचलो तेव्हा जांभळीखाली माणसं उभी होती. प्रत्येकाच्या हातात आपापली रिकामी बाटली, कागदाच्या पट्टीवर डोसाच्या खुणा चिकटवलेली. तात्यांनी कुणाला निरोप दिला नव्हता. तिथं घड्याळ नव्हतं, आणि डोंगरात राहणाऱ्यांना वार लक्षात ठेवायचीही फार गरज पडत नसावी. फटफटी खिंडीत खोकली की ते उतरायला लागायचे. दुसरी काही व्यवस्था नव्हती आणि लागतही नव्हती. हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. पण माझं लक्ष होतं इंजिनाकडं. टॅपेट किती वाजतोय, पिस्टन किती खेळतोय, सायलेन्सर कुठं फुटलाय. ज्या आवाजावर अख्खी वाडी डोंगर उतरून आली होती, तो माझ्या लेखी बिघाडांची यादी होता.

बुधीला मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. बुधवारची जन्मलेली म्हणून बुधी. विशीतली, काटक, तोंडाची फटकळ. सासऱ्याला दम्याचं औषध न्यायला ती उतरायची. सासरा म्हणजे वाडीतले आबा, तेही काठी टेकत मागून यायचे आणि आल्यावर जांभळीच्या बुंध्याला टेकून आधी पोटभर खोकायचे. बुधीनं बाटली पुढं केली आणि फटफटीकडं हनुवटी करून म्हणाली, "तात्या, आमच्या आबावानी हिलाबी दमा लागलाय. हिलाबी एक बाटली द्या."

"म्हणून तर डॉक्टर आणलाय," तात्यांनी माझ्याकडं बोट केलं.

तिनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "ह्यो? ह्यो तर लग्नाला निगाल्यावानी दिसतोय."

सगळे हसले. मी तेव्हा केसांना तेल लावून मागं वळवायचो आणि गॅरेजातून निघताना हात घासून घासून धुवायचो. मला राग आला, हे कबूल करायला हवं. गाडी अशी करून आणीन की बघत राहाल, असं मनात म्हटलं. आता वाटतं, माझी पुढची सगळी कारागिरी त्या एका हसण्याला दिलेलं उत्तर होती की काय. इतक्या क्षुल्लक कारणानं माणूस काम करतो आणि वर त्याला कौशल्य म्हणतो.

नवरात्राच्या घटांबरोबरच फटफटी मी पूर्ण उघडली. त्या दिवसांत मला तहानभूक नव्हती. सिलिंडर बोअर करून आणला, मोठ्या मापाचा पिस्टन घातला. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलं. आतल्या वाटा पॉलिश पेपरनं इतक्या गुळगुळीत केल्या की बोट घसरावं. खाकी रंग खरवडला, त्याच्याखाली आणखी एक खाकी, त्याच्याखाली वाळूचा रंग निघाला; कुठल्या वाळवंटात गेली होती कुणास ठाऊक. सगळं घालवलं आणि डाळिंबी लाल दिला. ट्रकांवर नावं काढणाऱ्या पेंटरकडून टाकीवर सोनेरी रेघा मारून घेतल्या. मडगार्डं कापली, हँडल खाली ओढलं. तात्यांची लोखंडी पेटी बेढब दिसत होती, तिच्या जागी निम्म्या आकाराची छान गोल कोपऱ्यांची पेटी केली. आणि सायलेन्सर काढून तिथं सरळ नळी बसवली, निकल चढवलेली, टोकाला जराशी वर उचललेली.

पहिली किक मारली तेव्हा गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी घाटापर्यंत जाऊन आलो. खरं सांगतो, आजवर तेवढा आनंद मला फार थोड्या वेळा झाला आहे. पश्चात्तापानं लिहायला बसलो तरी तो आनंद खोटा होता असं म्हणवत नाही. तो खरा होता, हीच अडचण आहे.

दसऱ्याला गाडी न्यायला तात्या आले. गॅरेजात हत्यारांची पूजा मांडली होती, पाने-पक्कड धुऊन पुसून पाटावर, सगळ्यांना हळदकुंकू. फटफटीला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. तात्या तिच्याभोवती दोनदा फिरले. डोळे ओलावले होते त्यांचे. "नवरदेव केलास की रे हिला!" म्हणाले. मग किक मारली, ऐकलं, आणि जरा कान तिरपा करून विचारलं, "आवाज मोठा झाला का रे?"

"तात्या, ताकद वाढली की आवाज वाढायचाच," मी म्हणालो.

असं काही नसतं. गॅरेजात काम करणारा कुणीही सांगेल. आत पडदे घालून तो आवाज मला निम्म्यावर आणता आला असता, दोन तासांचं काम होतं. तात्यांना यंत्रातलं काही कळत नव्हतं आणि माझ्यावर त्यांचा विश्वास होता. ते आपटा देऊन, मला मिठी मारून निघाले. लाल फटफटी वळणाआड गेल्यावरही बराच वेळ ऐकू येत होती. मी सगळ्यांना गप्प करून ती ऐकत राहिलो.

दसरा सरला की मावळात कुणाला कुणाकडं बघायला सवड नसते. भात उभं राहू द्यायची सोय नाही, दाणा झडतो. माणसं उजाडायच्या आत खाचरात उतरतात, धुक्यात नुसत्या वाकलेल्या पाठी दिसतात आणि विळ्यांचा खर्र खर्र आवाज येतो. वाड्यांतली माणसंही खाली गावकऱ्यांच्या खाचरांत कापणीला जातात. कापणीत विळा उजव्या हातात असतो म्हणून सगळं श्रेय उजव्या हाताला. पण काम खरं डाव्याचं. धाटांची मूठ तो गोळा करतो, धरतो, कापली की मागं ठेवतो आणि पुन्हा पुढं जातो. विळा चुकला तर लागतोही त्यालाच. दर कापणीत पाच-सहा जणांच्या बोटांना तात्या पट्ट्या बांधायचे. त्या हंगामात बुधीच्या डाव्या हाताला विळा लागला, अंगठ्याच्या मुळाशी, खोल.

लागला तो मंगळवारी. तिनं हळद दाबली, वर फडकं गुंडाळलं. दवाखाना आठ मैल लांब. आणि परवा गुरुवार, तात्या येणारच होते. गुरुवारी ती कामावर न जाता कान देऊन बसली.

आता त्या बाजूच्या जंगलाचा ठेका एका ठेकेदाराकडं होता. त्याच्याकडंही फटफटी होती, सायलेन्सर जळून गेलेली. ती वाजली की वाडीतली माणसं सरपणाच्या मोळ्या आणि कुऱ्हाडी घेऊन कारवीत शिरायची, कारण तो मोळ्या पेटवून द्यायचा आणि कुऱ्हाडी घेऊन जायचा. त्या गुरुवारी खिंडीत जो आवाज झाला तो खोकणारा नव्हता. कानठळ्या बसवणारा, फाटका, मस्तवाल असा होता. वाडीत होते तेवढे सगळे कारवीत शिरले. बुधीही गेली, हात छातीशी धरून. जांभळीखाली तात्या अर्धा तास थांबले. कुणीच आलं नाही तेव्हा त्यांना वाटलं, सगळे कापणीला गेले असतील. त्यात वावगं काही नव्हतं, कापणीच होती. ते परत गेले. पुढच्या गुरुवारी तेच. तोवर तिचा हात कोपरापर्यंत सुजला होता.

तिसऱ्या गुरुवारी फटफटी खिंडीच्या अलीकडंच बंद पडली. मी कॉम्प्रेशन इतकं चढवलं होतं की साध्या पेट्रोलवर ती तापायची, प्लग जळायचा. तात्यांनी तिला रस्त्याकडेला लावलं, पिशवी खांद्याला मारली आणि चालत निघाले. कसलाच आवाज नव्हता म्हणून कुणी पळालं नाही. जांभळीच्या अलीकडं त्यांना चौघे भेटले, घोंगडीची झोळी करून बुधीला दवाखान्यात नेत होते. ती तापानं फणफणली होती, पण शुद्धीत होती. तात्यांना बघून म्हणाली, "तात्या, तुमची फटफटी कुटं गेलती? आमी वाट बगत बसलेलो."

पुण्याच्या इस्पितळात तिचा जीव वाचला. हात मनगटापासून काढावा लागला.

हे मला तात्यांनी गॅरेजात येऊन सांगितलं. बसच्या फलाटावर भेटल्यासारखे उभ्या उभ्या, सावकाश. मला त्यांनी बोल लावला नाही. उलट म्हणाले, "मीच तर म्हणालो होतो ना, नवरदेव केलास म्हणून. मलाही ती आवडली होती, वसंता. या वयात." मग विचारलं, "जुना सायलेन्सर आहे का रे?"

तो नव्हता. त्याचा पत्रा उलगडून, ठोकून मी नट-बोल्ट ठेवायचा ट्रे केला होता. तो आम्हा दोघांच्या मध्ये बाकावर पडला होता. तात्यांनी त्यातला एक बोल्ट उचलला, बघितला आणि परत ठेवला. मला त्या क्षणी त्यांनी मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं. अजूनही वाटतं.

मग मी आवाज परत करायला घेतला. दुसरं मला येत काय होतं? गाडी चांगली करायला मला दहा दिवस लागले होते, वाईट करायला अडीच महिने लागले. सिलिंडरखाली जाड पॅकिंग घालून कॉम्प्रेशन उतरवलं. कार्बोरेटरचा जेट बदलला. उंबऱ्याच्या लोहाराकडं जाऊन बसलो. म्हातारा होता, त्याला आधी वाटलं मी थट्टा करतोय. "चांगला सायलेन्सर मागायला येत्यात मानसं. तुला बिगाडल्याला पायजे?" पण त्यानं केला. नळीवर डब्याचा पत्रा, पत्र्यावर तार, आत एक पडदा सैल ठेवलेला. वाजवून बघितला तर आवाज तसा होता आणि तसा नव्हता. मला खात्री देता येईना. तो आवाज मी कधी आवाज म्हणून ऐकलाच नव्हता. ज्यांनी ऐकला होता ते वरच्या वाडीत होते.

पौषात बुधी इस्पितळातून परत आली होती. गुरुवारी तात्या खिंडीकडून यायचे, आणि मी सकाळीच उंबऱ्याहून चालत निघून वाडीत जाऊन तिच्या अंगणात बसायचो. पहिल्या गुरुवारी तिच्यासमोर बसायचं म्हणजे काय, ते मला लिहिता येणार नाही. मनगटाला फडकं होतं. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, फांद्या तोडून आणायचे दिवस होते ते, बाया त्यांच्या मोळ्या, कवळ्या म्हणतात त्यांना, बांधत होत्या. बुधी कवळीवर गुडघा दाबून, वेलीचं एक टोक दातात धरून गाठ मारायची. माझ्याकडं बघून म्हणाली, "या मिस्तरी. बसा." मी आधीच सांगून टाकलं की आवाज मी बदलला होता. तिनं ऐकत ऐकत गाठ आवळली. बहुतेक तिला ते तात्यांनी सांगितलं असावं.

खिंडीतून आवाज आला. तिनं मान तिरकी केली. "न्हाई. ह्यो लय भरल्याला हाये."

दुसऱ्या गुरुवारी, "ह्यो खोकतोय, पर उगाच. आमच्या आबाला काम सांगितल्यावं खोकत्यात तसा." आबांनी तिकडून शिवी हासडली. मला हसू आलं आणि हसल्याची लाज वाटली.

तिसऱ्या गुरुवारी तिनं बराच वेळ ऐकलं. "जवळ आलाय. पर ह्येच्या पोटात कायतरी सैल व्हतं, त्ये न्हाई." मी खाली गेलो, आतला पडदा एका बाजूनं आणखी कापला.

ह्या फेऱ्यांत मला कधी कधी बरं वाटायचं, हे सांगायची मला चोरी वाटते. उन्हं कोवळी असायची, खाली रिकाम्या खाचरांतून पेंढ्याचा वास यायचा, आबा तंबाखू पुढं करायचे. आपण काहीतरी भरून काढतो आहोत असं वाटायचं. पाठीवरचं ओझं दर गुरुवारी थोडं हलकं होत होतं. आता कळतं, मी तिच्या अंगणात माझीच पट्टी बांधून घ्यायला जात होतो.

चौथा गुरुवार माघातला. राब भाजायला सुरुवात झाली होती, समोरच्या उतारावर काळे चौकोन दिसत होते. खिंडीत फटफटी वाजली. डुग डुग डुग, मग तो खोकला, आणि खोकल्याच्या पोटात ती बारीक खुळखुळ. मला स्वतःलाच पहिल्यांदा तो ओळखू आला. बुधीनं हातातली कवळी सोडली.

"ह्योच," ती म्हणाली. "व्हय. ह्योच त्यो."

मी उठून उभाच राहिलो. आनंदानं दुसरं काही सुचेना. तात्या आता वळणं उतरायला लागले असतील, अर्ध्या तासात जांभळीखाली पोचतील. पण अंगणात कुणीच हललं नाही. आबा भिंतीला टेकून होते तसेच. दोघी बाया कवळ्या बांधत राहिल्या. बाटल्या ओट्यावर ओळीनं ठेवलेल्या होत्या, त्यांना कुणी हात लावला नाही.

"चला की," मी म्हणालो. "तात्या आले."

"बसा हो," आबा म्हणाले. "गोमा गेलाय टेकाडावर. त्यानं बगून हाळी दिली म्हंजी उतरू."

मी बुधीकडं बघितलं. ती म्हणाली, "आवाज त्योच हाये, मिस्तरी. तुमी लय कष्ट घेतलं. पर आता आमी आवाजावर न्हाई उठत. मानूस बगून उठतो."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. पाऊस लवकर आला तर राब लवकर भाजावा लागतो, असं काहीतरी सांगावं तशी ती सांगत होती. मी परत खाली बसलो. खोऱ्यातून फटफटीचा आवाज वळणामागून वळण जवळ येत होता, हुबेहूब पूर्वीचा, आणि त्याच्याकडं कान लावून बसलेला तिथं मी एकटा होतो.

थोड्या वेळानं बुधीनं विचारलं, "पर येक सांगा. चांगला व्हता की आवाज. बदालला कशापाई?"

काय सांगणार होतो? मुंबईच्या पोरांच्या गाड्या तसा आवाज करायच्या म्हणून? लग्नाला निघाल्यासारखा दिसतो असं तू म्हणालीस म्हणून? मी नखांतलं काळं कोरत बसलो. तिनं, मला अवघड झालंय असं बघून, आपणच वाट करून दिली.

"लांबनं ऐकू यावा म्हनून आसंल," ती म्हणाली. "आमास्नी लवकर उतराया घावावं म्हनून."

"व्हय," मी म्हणालो.

टेकाडावरून गोमाची हाळी आली. माणसं उठली, ज्यानं त्यानं आपली बाटली घेतली. बुधीनं आबांची बाटली उजव्या हातात घेतली.

"मंग चांगल्यापाईच केलतंत की," ती म्हणाली आणि वाट उतरायला लागली.